आधी पाणी, मग ॲसिड

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात पाढे घेत होते. आदल्याच दिवशी तिनं मला फोनवर झाडलं होतं, कारण आमच्या गावाहून, धावड्याहून, तिनं पाठवलेली ज्वारी मी अजून निवडायला घेतली नव्हती. "किडे पडल्यावर निवडशील का गं?" हे तिचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. सकाळी चहा पिऊन ती जरा आडवी झाली आणि उठलीच नाही. जन्मभर घर डोक्यावर घेणारी बाई अशी गुपचूप जाईल असं आमच्यात कुणालाच वाटलं नव्हतं... मला तर तिचा अजून थोडा रागच येतो.

कौसाबाई माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. भावाच्या घरात बसून खायचं नाही म्हणून ती जालन्याला आली आणि एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात लागली. बारावीनंतर मी शिक्षिकेचा कोर्स करायला तिच्याच खोलीवर येऊन राहिले. खोली एवढीशी आणि तिचे नियम ढीगभर. भात उरवायचा नाही, आरशासमोर रेंगाळायचं नाही, आणि रुख्मिण आली की त्या दोघींच्या गप्पांत तोंड घालायचं नाही. रुख्मिण वडीगोद्रीची, कारखान्यातली तिची जोडीदारीण. दोघी भांडायच्या जावांसारख्या आणि जेवायच्या एकाच डब्यात. कुणाच्या आमटीला चव नाही यावर तर रोज एक फैर झडायची.

कपाशीच्या सरकीवर तुसाची लव असते. पेरणीचं बी करताना ती ॲसिडनं जाळतात, मग सरकी पाण्यानं धुतात आणि उरलंसुरलं ॲसिड मरावं म्हणून चुन्याच्या पाण्यातून काढतात. हे काम या दोघींकडं होतं. पेरणीच्या तोंडावरचे घाईचे दिवस. त्या सकाळी धुण्याचा हौद कोरडा होता, तरी सुपरवायझरनं काम चालू करायला लावलं. म्हणाला, टँकर येऊनच राह्यलाय. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या जालन्यात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ड्रममध्ये ओतताना ॲसिडचा कॅन निसटला आणि आत्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं अंगावर आलं. पाण्याचा थेंब नाही. हाताशी होता तो चुन्याचा ढीग. चुन्यानं ॲसिड मरतं हे रुख्मिण रोज डोळ्यांनी बघत आली होती. तिनं ओंजळ भरून चुना आत्याच्या हाताला चोळला. त्या शेडमधल्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. पण कातडी म्हणजे सरकी नव्हे. चुना आणि ॲसिड एकत्र आलं की उलट आग होते, चुना स्वतःही पोळतो, धो धो पाणी ओतत राहणं एवढाच उपाय होता, असं दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. ते रुख्मिणीनं दारात उभं राहून ऐकलं आणि ती तिथूनच निघून गेली.

नंतर कितीतरी दिवस ती खोलीकडं फिरकली नाही. शेवटी आत्यानं मला तिच्या घरी पिटाळलं. रुख्मिण आली, पण मान वर करेना. आत्यानं तेलाची बाटली आणि फणी तिच्यापुढं सरकवली. "एका हातानं मला वेणी घालता येईना गं. रडायचं तं माझ्या मागं बसून रड, अन् वेणी घाल." रुख्मिण मागं बसली. वेणी त्या दिवशी वाकडीतिकडी झाली आणि आत्यानं तिला त्यावरूनही बोलून घेतलं. पुढं हात सुधारेपर्यंत रोज सकाळी कामावर जाण्याआधी रुख्मिण वेणी घालायला यायची.

बँडेज असतानाच कारखान्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मी सोबत गेले. मॅनेजरनं चहा मागवला, तेव्हाच मला शंका आली. त्याचं म्हणणं सरळ होतं : चुना कुणी लावला त्या बाईचं नाव सांगा, चूक तिची म्हणून लिहू, प्रकरण मिटेल. नाव सांगितलं नाही तर तुमचंही कामावर कठीण होईल, हेही त्यानं गोड शब्दांत सुचवलं. आमच्या दोघींची चूल तिच्याच पगारावर पेटत होती, आणि रुख्मिणीच्या घरीही कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

आत्यानं चहा संपवला. मग म्हणाली, "चुना लावला, बराबर हाय. हाताशी चुनाच व्हता म्हून चुना लावला. पाणी कुठं व्हतं ते तुमी सांगा साहेब, मंग मी नाव सांगते."

पुढं तिनं तोच प्रश्न कारखाने तपासायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याला विचारला, कामगार कार्यालयात जाऊन विचारला, तिथला साहेब जागेवर नव्हता तर शिपायालाही विचारला. नाव सांगेना आणि प्रश्न सोडेना. अखेर ड्रमशेजारी वेगळ्या टाकीचा शॉवर आला, कोपरापर्यंतचे हातमोजे आले, चष्मे आले. हे सगळं देणं मालकाला कायद्यानं आधीपासूनच बंधनकारक होतं, हे तिला नंतर कळलं, तेव्हा ती पहिल्यापेक्षा जास्त भडकली. कामावर परतल्यावर ती रोज सकाळी आधी शॉवर सोडायची, भाजलेला हात त्याखाली धरायची आणि मगच बायकांना म्हणायची, घ्या कामाला. आधी पाणी, मंग ॲसिड. सुपरवायझर कुरकुरायचा, पण तिच्या नादी लागायचा नाही.

माझ्या लग्नात फोटोग्राफरनं तिला हातावरून पदर घ्यायला सांगितलं. "झाकून ठिवायला म्या काय चोरी केली का?" असं म्हणून तिनं तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि फोटो काढायला लावला. नवरा नसतानाही त्या हातात तिनं कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मला तो फोटो फार आवडतो.

काम सोडल्यावर ती धावड्याला परतली होती. तिथं तिच्या जलदान विधीला जालन्याहून बायका टेम्पो करून आल्या. भंतेजींचं बोलणं झाल्यावर जेवणं होईपर्यंत त्या तिच्या शिव्या आठवून हसत होत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. रुख्मिणीचा फोन आला तो मागच्या आठवड्यात. शॉवरची टाकी कोरडी होती, हौदही कोरडा. नवाच आलेला सुपरवायझर म्हणाला, काम चालू करा, टँकर वाटेत आहे. बायकांनी हातमोजे काढले आणि शेडच्या बाहेर जाऊन बसल्या. तो चिडला. कुणाच्या सांगण्यावरून बसलात म्हणून विचारू लागला.

"कौसाबाईच्या," रुख्मिण म्हणाली.

"बोलवा त्या बाईला."

"ती आता यायची न्हाई साहेब. तुमी टँकर बोलवा."

टँकर दुपारी आला. तोवर एकही बाई जागची हलली नाही, हे रुख्मिणीनं सांगितलं... आणि आत्या गेल्यापासून मला पहिल्यांदाच मोकळं रडू आलं.