दीड सेंटिमीटर

स्वस्थ बसणं माणसाला उपजतच येतं, हा सगळ्या जगाचा समज माझ्या आतेबहिणीने पाळण्यात असतानाच खोटा ठरवला. आत्या सांगते, हिचा पाळणा कधी कुणाला हलवावा लागला नाही. ही स्वतःच तो आतून हलवायची. पुढे चालता यायला लागल्यावर तिने बसण्याचा कार्यक्रम शाळेचा बाक आणि दाताचा डॉक्टर एवढ्यापुरताच शिल्लक ठेवला. लालबागला त्यांच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर लांबलचक गॅलरी आहे. ताट हातात घेऊन ही त्या गॅलरीत फेऱ्या मारत जेवायची. स्वतःच्या दारातून निघताना ताटात आमटीभात असे, चौथ्या खोलीपाशी त्यात कुणीतरी पापड टाकी, टोकाच्या खोलीतल्या काकू बांगड्याची तळलेली तुकडी ठेवीत, आणि परत दाराशी येईपर्यंत हिचं पोट भरलेलं आणि आत्याने केलेली भाजी तशीच. "गो बाय, बस गो जरा! अन्न अंगाक लागूक नको?" आत्या आतून ओरडायची. अन्न तिच्या अंगाला कधी लागलं नाही हे खरं, पण चाळीत कुठल्या घरी काय शिजलंय याची खडान्‌खडा माहिती तिच्याइतकी कुणालाच नसे.

एकदा दादरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, सभ्य, इस्त्रीच्या शर्टातला. "आपण जरा बोलून येऊ," असं म्हणून ही त्याला घेऊन खाली उतरली. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, कोपऱ्यावर चहा वगैरे. हिने त्याला बोलत बोलत भायखळ्याच्या भाजी मार्केटापर्यंत नेलं, आत्याने सांगितलेल्या मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, त्या त्याच्या हातात दिल्या, आणि बोलणं अजून संपलेलं नाही म्हणून लालबाग ओलांडून थेट परळपर्यंत नेऊन मग घरी परत आणलं. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तीन जिने चढून आल्यावर तो मेथीसकट पलंगावर जो बसला, तो त्याच्या आईने हाताला धरल्यावरच उठला. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण आमच्या मुलाला झेपणार नाही. हिने हा निरोप पुढचे सहा महिने भेटेल त्याला स्वतःहून सांगितला.

अशा मुलीला वैमानिक व्हावंसं वाटलं, याचं आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही. जमिनीवर तिला जागा पुरतच नव्हती. संध्याकाळी ती दादरला एका क्लासमध्ये गणित शिकवायची आणि उरलेला दिवस हवाई दलाच्या अधिकारी निवडीची तयारी करायची. त्या निवडीत म्हणे फळ्या, दोऱ्या आणि पिंपं देतात आणि जमिनीला पाय न लावता सगळ्या गटाला पलीकडे न्यायला सांगतात. ही तालीम तिने चाळीच्या अंगणात सुरू केली. पाण्याची दोन पिंपं, सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्याची फळी आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढं सामान, आणि खालची फरशी म्हणजे नदी. गट म्हणून चाळीतल्या चार काकू आणि तिचे वडील, म्हणजे आमचे आतोबा. आतोबा परळच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या खात्यातून निवृत्त झालेले, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारे गृहस्थ. फळीवरून जाताना त्यांचा तोल गेला आणि पाय फरशीला लागला. "बाबा, तुम्ही बुडालात. बाजूला व्हा," तिने जाहीर केलं. आतोबा पायरीवर जाऊन बसले आणि काकू नदीपार होईपर्यंत त्यांनी वर्तमानपत्र वाचून काढलं.

निवडीचे पाच दिवस तिने मारून नेले. तिच्या गटातले बहुतेक परत पाठवले गेले आणि ही राहिली. घरी फोन आला तेव्हा आत्याने पेढे आणायला मलाच पिटाळलं. पण पुढे वैद्यकीय तपासणी होती, आणि तिथून आठवडाभराने तिचा फोन आला तो मला, घरी नाही.

"दादा, मी पास आहे. माझे पाय नापास झालेत."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. विमानाच्या खुर्चीत बसल्यावर पाय पॅडलपर्यंत नीट पोचावे लागतात, म्हणून पायांची लांबी मोजतात. तिची दीड सेंटिमीटर कमी भरली. तिने विनंती केली म्हणून पुन्हा मोजली, आणि तिसऱ्यांदाही मोजली. मोजणारा माणूस फार चांगला होता, असंही ती म्हणाली. जन्मभर ज्या पायांनी तिला आणि आम्हाला दम घेऊ दिला नाही, त्यांच्यावर आखूड असल्याचा ठपका यावा, हे मला ऐकवेना.

पण तेवढ्यावर प्रकरण मिटलं नाही. निवड झालेली होतीच, म्हणून तिला दुसरा पर्याय देऊ केला होता. अधिकारी म्हणूनच, पण जमिनीवर. विमानतळावरच्या मनोऱ्यात किंवा रडारसमोर बसून, हवेत असलेल्या वैमानिकाशी रेडिओवर बोलायचं, त्याला वाट सांगायची, सुखरूप उतरवायचं. मान्य असेल तर पंधरा दिवसांत कळवायचं. नाही म्हटलं तर सगळंच संपलं, कारण पाय काही आता वाढणार नव्हते.

"बसून, दादा!" ती मला म्हणाली. "आठ-आठ तास खुर्चीत बसून दुसऱ्यांना उडवायचं. हे म्हणजे माझी थट्टा आहे."

त्या पंधरा दिवसांत ती जितकी चालली तितका मी आयुष्यात चाललो नसेन. माझं ऑफिस परळला. जेवणाच्या सुट्टीत फोन यायचा, "खाली ये." मी डबा तसाच टाकून खाली जायचो आणि आम्ही दादरच्या दिशेने निघायचो. जाताना तिचा होकार असायचा. गणवेश आहे, हुद्दा आहे, विमानं आहेत, आणखी काय पाहिजे? दादर आलं की आम्ही वळायचो आणि वळल्याबरोबर नकार सुरू व्हायचा. जे हवं होतं ते काचेपलीकडे रोज बघत राहायचं, हे कुणी सांगितलंय? ऑफिसच्या दाराशी येईपर्यंत ती माझ्यावरच भडकलेली असायची, कारण मी दोन्ही वेळा मान डोलावलेली असायची. घरी आत्याचा वेगळाच धोशा. "सरकारान खुर्ची दिल्यान तुका, आणि तू इचार कसलो करतंस?"

"आई, खुर्चीच तर नकोय मला!"

दहाव्या दिवशी ओळखीतून एका निवृत्त अधिकाऱ्यांचा पत्ता मिळाला. ते दादरला राहत होते आणि त्यांनी सबंध नोकरी याच कामात काढली होती. मीही बरोबर गेलो. त्यांनी बसा म्हटलं, मी बसलो, ही म्हणाली, "सर, मी उभीच बरी." मग त्यांच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत हिने प्रश्नांची सरबत्ती लावली. पाळ्या किती तासांच्या, चूक झाली तर काय, कधी कंटाळा येतो का, कधी भीती वाटते का. त्यांनी सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली. शेवटी तिने विचारलं, "सर, मी हे घेऊ का?"

"तुम्हाला वैमानिक व्हायचं होतं ना?"

"हो."

"मग नीट विचार करा. सांत्वन म्हणून मिळतंय असं समजून येणार असाल तर येऊ नका. त्या खुर्चीत बसून आपण खरं तर कुठे असायला हवं होतं याचा विचार करत बसलात, तर वर जो आहे त्याच्या जिवावर बेतेल."

परतताना ती लालबागपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली.

मुदतीचा शेवटचा दिवस रविवार होता. मी सकाळीच लालबागला गेलो. ही गॅलरीतून आत, आतून गॅलरीत करत होती. आतोबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "बस."

कशी कोण जाणे, पण ती बसली. त्यांच्यासमोर, फरशीवर.

"मला डॉक्टर व्हायचं होतं," आतोबा म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "ह्यां माका कधी सांगलास नाय!" आत्या दारात येऊन म्हणाली.

"थोडक्यात हुकलं. मग एक्स-रेचं शिक्षण मिळालं, ते घेतलं. पहिली दोन वर्षं मी काम करायचो आणि डॉक्टरांच्या कोटाकडे बघायचो. फोटो बिघडायचे. एकदा एका म्हाताऱ्याला चार वेळा श्वास रोखून उभं केलं. चौथ्या वेळी तो म्हणाला, साहेब, तुमचं लक्ष कुठाय?"

"मग?"

"मग लक्ष द्यायला लागलो."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने कोथिंबिरीची एक काडी उचलली. "आणि डॉक्टर व्हायचं होतं, त्याचं काय झालं?"

"ते आहे की अजून," आतोबा म्हणाले आणि पिवळी पानं बाजूला काढू लागले.

तिने त्यांच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढून घेतली. दोघांनी मिळून ती सगळी निवडली. मग ती उठली, कपाटावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्याउभ्याच उत्तर भरायला लागली. फॉर्मात 'विलिंग' आणि 'नॉट विलिंग' असे दोनच चौकोन होते.

"दादा, थोडी विलिंग असा चौकोन नसतो का रे?"

"नसतो."

"हे लोक फारच घाई करतात," असं म्हणून तिने पहिल्या चौकोनावर खूण केली आणि आत्या देवाला साखर ठेवेपर्यंत ती जिना उतरून बाहेर पडलीसुद्धा होती. तासाभराने आली तेव्हा डोळे लाल होते. भाजीवाल्याशी भांडण झालं, असं तिने सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

पुढे प्रशिक्षण झालं, खांद्यावर पट्ट्या आल्या, आणि आता ती वाळवंटाकडच्या एका तळावर असते. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मागच्या रविवारी आला तेव्हा आवाज जरा बसलेला वाटला. सकाळी धुळीचं वादळ उठलं होतं आणि एक विमान हवेत राहिलं होतं, असं ती म्हणाली. वैमानिकाला धावपट्टी दिसत नव्हती. ही त्याच्याशी बोलत राहिली. उंची सांगत राहिली, दिशा सांगत राहिली. अगदी शेवटी त्याला दिवे दिसले.

"उतरला?"

"उतरला. थँक यू म्हणाला. चेहरा नाही बघितला मी त्याचा."

मी न राहवून विचारलं, "खरं सांग, हेवा नाही वाटला?"

"उतरेपर्यंत नाही," ती म्हणाली. "उतरल्यावर वाटला."

फोन ठेवण्याची घाई दोघांनीही केली नाही. तिच्याकडून वाऱ्याचा आवाज येत होता. माझ्या गिरगावातल्या घराबाहेरची दुपार तिला ऐकू जात असावी.