पिको केलेलं एकोणिसावं शतक

बायको गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या माहेरची पेटी इथल्या अभिलेखागारात देऊन आलो. म्हणजे आमच्या मराठी मंडळींनी जुन्या कागदांसाठी केलेल्या दोन खोल्या, नाव मात्र जीभ वळत नाही असलं. कुणी पेटी मागितली नव्हती. डोळ्यांसमोर नको झाली होती, एवढंच.

आत मोडीतले कागद आणि एक अडकित्ता. तिला मोडी येत नव्हती, मी तर चौथीतच शाळा सोडलेली. पण दर दसऱ्याला ती कागद सावलीत पसरायची, मध्ये वेखंडाचे तुकडे घालायची आणि नव्या फडक्यात बांधायची. जुनं फडकं घरात राहायचं. तिच्या माहेरची रीत. एवढी वर्षं कसर लागली नाही ती असल्या बायकांमुळं. हे तिथं कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही.

यंदा दसरा जवळ आला तेव्हा आठवलं. गेल्या वर्षीचं फडकं तिनं स्वतःच्या हिरव्या साडीचं फाडलं होतं. बाकीच्या साड्या सुनेनं वाटून टाकल्या, मी वाटू दिल्या. तिच्या अंगावरचं तेवढंच उरलेलं, तेही मी आपल्या हातानं देऊन आलो. एवढा शहाणा.

वेखंड खिशात घालून गेलो. काचेच्या कपाटात कागद एकीकडं, फडकं इस्त्री करून दुसरीकडं. खाली पाटी : 'दप्तर बांधण्याचे वस्त्र, एकोणिसावे शतक.'

ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, तेही असल्या लोकांमुळं.

तिथं पुण्याहून आलेली एक शिकलेली पोर बसते, हातात पांढरे मोजे घालून. म्हटलं, "अक्का, हे फडकं माझ्या बायकोचं. साडी मी चिकपेटेच्या बाजारातनं आणलेली."

"काका, तज्ज्ञांनी बघितलंय ते. प्लीज, काचेला हात नको."

"तज्ज्ञाला बायको आहे काय?"

"म्हणजे?"

"असती तर त्यानं कड बघितली असती. पिको आहे तिला. राजाजीनगरच्या शिंपिणीनं मशीनवर केलेलं. राणीच्या राज्यात पिको करत होते काय?"

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग कानापर्यंत लाल. "पण काका, नोंद झालीय. 'कागद, बांधायच्या वस्त्रासह.' वस्त्र कमी कसं करू?"

"बांधायला फडकंच पाहिजे ना? ते दसऱ्याला बदलतात." खांद्यावरचा पंचा काढून तिच्यापुढं ठेवला. "हे घे नवीन. सरी? झालं ना बरोबर?"

तिनं पंचा बघितला, मला बघितलं. कपाट उघडलं, मोजे काढले आणि फडक्याची घडी माझ्या हातात दिली. वेखंड मात्र घेतलं नाही. आत झाडपाला चालत नाही म्हणे. बघू, कसर तिचं किती ऐकते.

फडक्याला इस्त्रीखाली अजून वेखंडाचा वास आहे. उशाशी ठेवलंय. तिकडं काचेत माझा पंचा आहे, आणि खाली पाटी तीच. सांगायला मी काही जाणार नाही.