आकड्यांची लग्नं लावणारी नलूताई

नलूताई गेली हे मला माझ्या आठवीतल्या मुलीनं, इरानं सांगितलं. ताईच्या नवऱ्यानं, श्रीकांतरावांनी, सलमानिया हॉस्पिटलातून फोन केला तो तिला. ताईच्या मोबाइलवर शेवटचा नंबर इराचाच होता. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याआधी मनात आलं, मला का नाही केला? मी काय मेले होते?... असलं लिहू नये म्हणतात. पण गोडगोड लिहिलं तर ताईच आधी हसेल.

इथे आखातात, मुहर्रकमध्ये, ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. मी इंजिनिअर, गणित माझ्या हातचा मळ. तरी सारख्या अंतरानं वाढणाऱ्या आकड्यांच्या बेरजेपायी इरा रडकुंडीला आलेली. मी सूत्र घोकून घेतेय आणि तिचं एकच, "आय डोन्ट गेट इट." तेवढ्यात ताई डबा परत द्यायला आली नि डोकावून म्हणाली, "अगं, लग्नं लाव की त्यांची! पहिल्याचं शेवटच्याशी, दुसऱ्याचं शेवटून दुसऱ्याशी. सगळ्या जोड्यांची बेरीज सारखीच येते बघ. मधे एकटा उरला तो भटजी. भटजीला धरून माणसं मोज, भटजीनं गुण, झालं!" तीन, सात, अकरा, पंधरा, एकोणीस... भटजी अकरा, माणसं पाच, बेरीज पंचावन्न.

"आणि भटजीच नसला तर?" इरानं विचारलं. चक्क मराठीत!

"मग रजिस्टर लग्न. एका जोडीची बेरीज गुणिले जोड्या. खलास!"

तेव्हापासून पोरगी रोज वर, 'मावशी, मावशी' करत. मी मराठीत विचारावं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, आणि ताईकडे मात्र जिन्यात ऐकू येईल एवढी मराठी बडबड. माझा नुसता जळफळाट व्हायचा. झल्लाकच्या समुद्रकाठी सहलीत मी मुद्दाम एक चुकीचा आकडा घुसवून ताईला बेरीज घातली: चार, नऊ, चौदा, वीस, चोवीस. म्हटलं, फसू दे एकदा. ती हातावरची वाळू झटकत म्हणाली, "हा वीस आपल्या मांडवातला नाही गं. एकोणीसला बोलव." सगळे हसले. इरा सगळ्यांत मोठ्यानं.

आता महिना होत आला, तरी इरा अभ्यासाला वरच जाते. श्रीकांतराव दार उघडतात. परवा मी तिला जेवायला बोलवायला गेले, तर ती टेबलाशी बसून जोड्या लावत होती. म्हटलं, आता तरी माझी पाळी... शेजारची खुर्ची ओढून बसले.

इरानं मान वर केली. "आई, तिथे नको बसू. ती मावशीची खुर्ची आहे."

इतकं स्वच्छ मराठी ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मी उठले.