समोरचा सोडत नाही

मिक्सरचा खोका आला तेव्हा हे आंघोळीला गेले होते, म्हणून तो मी उघडला. खोक्याच्या बाजूला कंपनीने छापलेली किंमत होती. माझ्या नवऱ्याने त्या मिक्सरसाठी त्याहून जास्त पैसे मोजले होते. शिवाय बोरिवली स्टेशनबाहेरच्या दुकानात तोच मिक्सर छापील किमतीवर सूट देऊन मिळत होता, आणि ते मी ह्यांना आधीच सांगितलं होतं.

हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले. मी किमतीवर बोट ठेवलं. त्यांनी वाकून वाचलं आणि नखाने किमतीचा स्टिकर खरवडायला सुरुवात केली.

"खरवडून काय होणार? पैसे परत येणारेत का?"

"दुकानातून काय, कुणीही आणतं," हे म्हणाले.

असं बोलणारा माणूस अख्खं आयुष्य पर्चेसमध्ये होता. अंधेरीच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या पाडायची यंत्रं बनवणारी एक कंपनी होती, तिथे हे लग्नाआधी लागले आणि केस पांढरे होईपर्यंत राहिले. रोज गोरेगावला उतरून आरेतून बसने मरोळला जायचे. सुटे भाग पुरवणारे ह्यांना टरकून असत. सांगितलेल्या भावात हे कधी काही घेतच नसत, ना कंपनीसाठी, ना घरासाठी. माझ्या सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा हे कॉलेजात होते. पैसा कसा संपतो ते त्यांनी घरात बसून पाहिलेलं. त्यामुळे ह्यांची घासाघीस मला कधी कंजूषपणा वाटली नाही. उलट अभिमानच होता.

मग कंपनी गुजरातच्या बाजूला गेली. जाताना कुणाला न्यायचं ते मालकांनी ठरवलं. ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एकाला नेलं, ह्यांना नेलं नाही. निरोपसमारंभात त्याच माणसाने ह्यांच्याबद्दल भाषण केलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "बरं झालं. बसचे धक्के सुटले." त्या विषयावर ते एवढंच बोलले, आणि मीही जास्त विचारलं नाही. मी कांदिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते, सकाळी निघते ते संध्याकाळीच येते. घरी हे आणि माझ्या सासूबाई.

लिलावाचं एक ॲप ह्यांच्या फोनवर कुठून आलं मला माहीत नाही. आधी नुसते बघायचे. एक दिवस दारात ड्रिल मशीन आलं. खरंच निम्म्या किमतीत मिळालं होतं. हे इतके खूष, की भिंतीला टांगायला काही नसताना दोन भोकं पाडली. "झकास सौदा," असं आईंना चार वेळा सांगितलं. आणि मला म्हणाले, "जिंकलो."

घेतलं म्हणाले नाहीत, मिळालं म्हणाले नाहीत. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्यानंतर येत गेलं ते काही निम्म्या किमतीत नव्हतं. दुर्बीण आली. दुर्बिणीने काय बघायचं, समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले कपडे? घडीची सायकल आली. कॉफीचं यंत्र आलं, आणि आमच्याकडे कॉफी कुणी पीत नाही. खोके आधी पलंगाखाली गेले, मग कपाटावर, मग खिडकीपाशी. मुलगी पुण्याहून आली की जिथे गादी घालायचो ती जागाही गेली. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, "किंमत बघितलीस का मूळची?"

ह्या लिलावात बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. त्यातल्या एकाचा आकडा सत्त्याण्णवने संपायचा. हे त्याला सत्त्याण्णवच म्हणायचे. "आज सत्त्याण्णव होता." "सत्त्याण्णवने मध्येच पळ काढला." जेवताना त्याच्याबद्दल बोलायचे. तो नक्की अंधेरी वेस्टचा असणार, वडिलांचा धंदा असणार, आयुष्यात कुणाचं 'नाही' ऐकलेलं नसणार. नोकरीवर असताना ह्यांनी एकाही सहकाऱ्याबद्दल मला एवढं सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर काही दिवस वाटत होतं, हा ह्यांचा कुणी मित्रच आहे. त्यांनी एकदा आपल्या मालवणीत विचारलंही, "त्येका एकदा घराक बोलव मा."

मिक्सरचा दिवस रविवार होता, दुपारची जेवणं व्हायची होती. आमचा जुना मिक्सर जळला होता, आणि मी संध्याकाळी जाऊन दुकानातून नवीन आणणार होते. हे म्हणाले, थांब, इथे लागलाय. बोली अगदी खालून सुरू झाली. मी भात लावला, आमटी केली, आणि बाहेर येऊन बघते तर हे सोफ्याच्या कडेला बसलेले, पाय हलतोय.

"किती झाले?"

ह्यांनी आकडा सांगितला. दुकानाच्या भावाला टेकत आला होता.

"अहो, मग बंद करा ना. मी जाऊन आणते."

"एक मिनिट. समोरचा सोडत नाहीये."

"मग घेऊ दे त्याला."

"असं कसं घेऊ दे? सकाळपासून मी आहे ह्याच्यात." त्यांनी पुन्हा बोट टेकवलं. कुणी नवी बोली लावली की वेळ थोडा वाढतो, तसा तो वाढला. "बघ, परत आला. सत्त्याण्णवच आहे."

"दुकानापेक्षा महाग झाला आता."

"थोडाच. आता सोडला तर त्याला वाटेल..."

"काय वाटेल त्याला? तो ओळखतो का तुम्हाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, भाताचा वास येतोय. मी आत गेले. भात खालून लागला होता. बाहेरून आवाज आला, "जिंकलो!"

आमच्या ऑफिसात एक बाई आहे, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. डबा खाताना मी तिला हे सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून. ती हसायलाच लागली. तिचा दीर असल्याच एका ॲपवर माल विकतो.

"अगं, माझा दीर स्वतःच दोन-तीन नावांनी बोली लावतो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक चढलं की हा पण चढतो. गिऱ्हाईक दमलंय असं वाटलं की गप बसतो. वस्तू गळ्यात पडली तर परत लिलावाला. त्याचं काय जातंय?"

"आणि लोक दुकानापेक्षा जास्त देतात?"

"देतात ना. आधी स्वस्त म्हणून येतात. मग तासभर त्या वस्तूकडे बघून ती आपलीच वाटायला लागते. मग दुसरा कोणीतरी आपली वस्तू पळवतोय असं वाटतं. एकदा तसं वाटलं ना, की भाव कोण बघतंय? माझा दीर म्हणतो, मी वस्तू नाही विकत, मी भांडण विकतो."

मी डबा बंद केला. हे घरी सांगावं की नाही, ठरत नव्हतं. काही आठवडे सांगितलं नाही. हळूहळू सुटेल असं वाटत होतं.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचं, साधंच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला ह्यांनी त्यांना रिक्षाने नेलं, आणि तिथे गर्दी होती म्हणून बसवून हे खाली गेले. खाली नेटवर्क चांगलं होतं. कसला तरी लिलाव संपत आला होता. आईंना आत बोलावलं, तपासलं, काळा चष्मा दिला, बाहेर आणून बसवलं. त्यांनी वाट बघितली, मग स्वतःच जिना उतरल्या आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याने त्यांना आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटला सोडलं, जे दुपारी बंद असतं. उन्हात, एका डोळ्याने अंधुक दिसत असताना, त्या गेटचे गज धरून उभ्या राहिल्या. शेवटी कचरा उचलणाऱ्या बाईने बघितलं आणि हात धरून वर आणलं. हे मला तिनेच फोन करून सांगितलं.

मी घरी पोचले तेव्हा हेही आले होते. आईंच्या पायाशी बसले होते, चेहरा पडलेला. सासूबाई म्हणाल्या, "रवांदे गो आता. इलंय मा मी घराक." राहू दे, आलेय ना घरी, असं त्यांनी म्हणायला नको होतं. त्या ओरडल्या असत्या तर मी कदाचित गप्प राहिले असते.

"काय जिंकलात आज?" मी विचारलं.

ह्यांनी फोन खिशात सरकवला.

"सत्त्याण्णव होता का?"

"तसं नाही गं, मला वाटलं पाच मिनिटांत..."

"सत्त्याण्णव कोणी नाहीये," मी म्हटलं. आणि डबा खाताना ऐकलेलं सगळं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून. त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. एवढे महिने तुम्ही विकणाऱ्याशीच भांडत होता, तुमच्या पैशांनी, आणि तो तिकडे हसत होता.

मला वाटलं, हे चिडतील, नाही म्हणतील. ह्यांनी फोन काढला आणि जुने लिलाव एकामागून एक बघायला लागले. सत्त्याण्णव फक्त एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर होता. पर्चेसचा माणूस, त्यांना दोनदा बघावं लागलं नाही.

"मीपण हेच करायचो," हे शेवटी म्हणाले. "पुरवठादाराला सांगायचो, दुसऱ्याचं कोटेशन कमी आलंय. दुसरा कोणी नसायचाच. तो घाबरून भाव पाडायचा." मग मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "म्हणजे कोणीच नव्हतं?"

बुडालेल्या पैशांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांना दुःख झालं ते सत्त्याण्णव गेल्याचं. मला ते तेव्हा समजलं, आणि समजून आणखीच राग आला. मी इथे होते ना. त्यांची आई होती. आम्ही कोणीच गणतीत नव्हतो, आणि जो जन्मालाच आला नव्हता त्याच्यासाठी हा माणूस सुतकात बसला होता.

ॲप त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं. मी जिंकले म्हणायचं. त्यानंतर घरात खोके यायचे थांबले, आणि ह्यांचं बोलणंही. सकाळी उठायचे, पेपर वाचायचे, आईंच्या डोळ्यात वेळेवर थेंब घालायचे. काही विचारलं तर "बरं" म्हणायचे. पूर्वी जेवताना निदान भांडायचो तरी. ऑफिसातल्या बाईने विचारलं, "काय, सुटलं का वेड?" मी म्हटलं, सुटलं. "नशीबवान आहेस," ती म्हणाली.

भाद्रपदात सोसायटीचा गणपती बसला. आमच्याकडे विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी सत्यनारायण असतो आणि मग पूजेच्या फळांचा लिलाव. शेवटी कलशावरचा नारळ. त्या दिवसांत हे खाली उतरलेच नव्हते, त्या संध्याकाळी आईंनी हट्ट करून नेलं. मांडवात खुर्च्या टाकल्या होत्या. सेक्रेटरी माईकवर होते. केळी गेली, सफरचंदं गेली, लोक हसत होते, मुद्दाम एकमेकांना चढवत होते. बाजारभावाशी तिथे कुणालाच देणंघेणं नसतं, पैसे मंडळालाच जातात.

नारळ आला तेव्हा बाराव्या मजल्यावरच्या टाइल्सवाल्याने बोली लावली. दोन फ्लॅट एक करून राहणारा, दरवर्षी नारळ तोच घेतो. आणि माझ्या शेजारून ह्यांचा आवाज आला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

टाइल्सवाला हसला आणि वर गेला. हे त्याच्या वर गेले. मी त्यांचं कोपर धरलं, त्यांनी सोडवून घेतलं. टाइल्सवाला पुन्हा वर. हे उभे राहिले. किती महिन्यांनी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकत होते. सेक्रेटरी ओरडले, "एक वार... दोन वार..." टाइल्सवाल्याने तोंड उघडलं, मग हात जोडले आणि मान हलवली. "तीन वार!" टाळ्या पडल्या. बोली किती झाली ते मी लिहीत नाही. आमचा दोन महिन्यांचा किराणा आला असता.

हे नारळ घ्यायला पुढे गेले. लोक पाठीवर थाप मारत होते, कुणी म्हणालं, काका, मानलं बुवा. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना, इतका उजळला होता.

लिफ्टपाशी टाइल्सवाल्याची बायको माझ्याजवळ आली. चांगली आहे स्वभावाने, वाईट हेतू नव्हता तिचा. हळू आवाजात म्हणाली, "आमचे अजून लावणार होते हो. मीच खुणावलं, म्हटलं जाऊ दे, काकांना घेऊ दे ह्या वर्षी. घरीच असतात ना ते हल्ली?"

मी हो म्हटलं.

हे नारळ दोन्ही हातांत धरून आले. "काय म्हणत होती ती?"

"प्रसादाचं विचारत होती."

"त्याचा चेहरा बघितलास? गप झाला एकदम. खरा माणूस समोर असला ना, की कळतं." हे घरी पोचेपर्यंत बोलत होते, जेवताना बोलत होते, आईंना पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या, मधे मधे मला विचारत होत्या, "होय गो? खरांच?"

मी ताटं वाढत होते. म्हटलं, "होय आई. खरंच."