तक्रारीच्या फळ्यावरची मासवडी

नामदेवअण्णांच्या प्रोग्रॅममध्ये कामाच्या ओळी चाळीस होत्या आणि आभाराच्या साठ. इंटरनेटवरून कुणाच्या कोडचा तुकडा उचलला, की त्याच्या डोक्यावर ते मराठीत लिहीत, 'हे ब्राझीलच्या बाईचं. लई उपकार.' मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ही खोगीरभरती काढून टाका, असं मी पुतण्याच्या हक्काने सांगितलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या इरजिकीवर शेत उरकायचं आन् नाव बी घ्यायचं न्हाई व्हय?" इर्जिक म्हणजे गावाने मिळून एकाचं शेत उरकायचं आणि मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं. अण्णांच्या मते इंटरनेटवरची फुकट साधनं ही तीच रीत होती, फक्त जेवण कुणी घालत नव्हतं.

अण्णांची पिंपळवंडीला टोमॅटोची रोपवाटिका. रोपं तयार झाली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर आपोआप निरोप जाईल, असा प्रोग्रॅम त्यांनी साठाव्या वर्षी व्हिडिओ बघून बघून स्वतः केला. त्याआधी ते फोन करत. पण आमच्याकडे 'रोपं न्या' एवढंच म्हणून फोन ठेवला तर माणूस माजलाय म्हणतात. म्हशीपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांची चौकशी करावी लागते.

ऐन लागणीत निरोप जायचे बंद झाले. ट्रेमधली रोपं पिवळी पडायला लागली, आणि मला बोलावणं आलं. बघतो तर ज्या फुकट साधनावर निरोप जात होते तेच मोडलेलं. ते एकहाती सांभाळणाऱ्या एमिल नावाच्या परदेशी गृहस्थाने जाहीर केलं होतं, की वर्षानुवर्षं लोक नुसते खेकसतात, मी आता हे सोडतोय. त्यातला शेवटचा खेकसणारा मीच होतो. ऑफिसातही तेच साधन आहे, आणि 'आणखी किती दिवस लावणार?' असं मी त्याच्या तक्रारींच्या पानावर तावातावाने लिहिलं होतं. अण्णांना हे सांगायचा मला धीर झाला नाही.

अण्णा पुन्हा फोनला बसले. दिवस मावळेपर्यंत अकरा शेतकरी झाले आणि लोणीच्या एका मुलीचं लग्न जवळपास जमलं. शेवटी त्यांनी मोबाइलवरच्या भाषांतराला हाताशी धरून एमिलच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं, 'रविवारी जेवायला या. मासवडी आहे. आळेफाट्याला उतरा आणि कुणालाही विचारा.' इथे फक्त दोष नोंदवतात, असं मी कळवळून सांगितलं.

"मग दोषच सांगतोय की," अण्णा म्हणाले. "माणूस उपाशी राबतोय."

भाषांतराने मासवडीचा मांसाचा ठोकळा केला होता. जगभरचे शाकाहारी प्रोग्रॅमर त्या पानावर धावून आले. अण्णांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं, की ही बेसनाची वळकटी, आत तीळ, खोबरं, लसूण. कुणीतरी रस्सा किती तिखट असतो ते विचारलं. मी लाजेने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी एमिलचं उत्तर आलं. इतक्या वर्षांत जेवलास का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. खाली त्याने दुरुस्तीही केली होती. तुंबलेले निरोप एकदम सुटले, आणि एकेका शेतकऱ्याला तोच निरोप नऊ-नऊदा गेला. अण्णांच्या रोपांना एवढी काय घाई लागली म्हणून लोक घाबरून पिकअप घेऊन आले. संध्याकाळपर्यंत ट्रे रिकामे.

रविवारी एमिल व्हिडिओवर आला. काकूने ताट मोबाइलसमोर धरलं, तो तिकडे आपला पाव खात होता, आणि अण्णा त्याला मराठीत आग्रह करत होते. त्याने संकोचून आणखी एक पाव घेतला.

तेव्हा मला राहवलं नाही. एमिल गेल्यावर मी अण्णांपुढे सगळं कबूल केलं.

"त्या पानावर तुझं नाव वाचलं व्हतं मी," रस्सा वाढत अण्णा म्हणाले. "म्हणून तर बोलावला त्याला. घरच्यानं तोंड सोडलं, तर पाट बी घरच्यानंच मांडावा लागतो."