माहेर नावाचा कप्पा

स्क्रीनवर प्रश्न आला की काका आधी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. खुर्चीत बसल्या बसल्याच. मग चष्म्यावरून बघत म्हणायचे, "विचारतंय ते. सांगत नाहीये." आणि मगच वाचायला लागायचे. कॉम्प्युटर अडला की आपण काय करतो हो? जे बटण समोर येईल ते दाबतो. ओके, ओके, हो बाबा, ओके. काकांच्या मते बुऱ्हाणपुरातले निम्मे लग्नाचे फोटो त्या ओकेनंच खाल्ले होते.

पेपर मिलमधून रिटायर झालेला माणूस. मूळचे भुसावळकडचे, पण जन्म सगळा इकडे गेला. मिलमध्ये वायरमन होते. कॉम्प्युटर उतारवयात शिकले आणि उतारवयातलं वेड कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. सिंधीपुऱ्यात आमच्याच गल्लीत काकूंबरोबर भाड्यानं राहायचे, आणि गल्लीत कुणाचाही कॉम्प्युटर बसला की गळ्यात पेनड्राइव्हची दोरी अडकवून हजर.

फार हुशार होते असं मी म्हणणार नाही. चुकायचे भरपूर. एकदा शेजारच्या मास्तरांचा प्रिंटर दुपारभर खोलून बसले, आणि शेवटी निघालं काय, तर शाई संपलेली. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. काका मांडीवर थाप मारून हसले. "चुकलो बुवा! चला, एक तर कळलं." चुकल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. डॉक्टरांनी साखर बंद केली होती म्हणून चहा फिका प्यायचे आणि त्याबरोबर दराब्याचा, आमच्या बुऱ्हाणपुरी मिठाईचा, लाडवाएवढा गोळा खायचे. मी डोळे वटारले की म्हणायचे, "दराब्यात रवा असतो हो ताई." देडतलाईच्या एका दुकानदारानं बोलावलं तर बसनं तिकडे गेले, आणि पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन परतले. कॉम्प्युटरचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "तो होईल. शेंगा बघा कशा आहेत."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या भरतकामामुळे. कॉम्प्युटरवर डिझाईन काढायचं, मशीनला द्यायचं, मशीन ब्लाऊजवर, शेल्यावर तेच उतरवतं. डिझाईन मी कुणाचं विकत घेत नाही. सगळी माझी. आमच्याकडे जिकडेतिकडे केळी, म्हणून मी केळफूल काढलं. मिटलेलं, अर्धं उघडलेलं, खाली लोंबणारं. जवळच्या दापोरा गावच्या पोरींना ते इतकं आवडलं की लग्न ठरलं की आधी माझ्याकडे येतात, मग सोनाराकडे. हे सगळं त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं. दुसरीकडे कुठे ठेवायचं असतं हे मला कोण सांगणार? सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

कॉम्प्युटर काकांनीच लावून दिला होता. हार्ड डिस्कचे दोन कप्पे केले. एकात विंडोज, दुसऱ्यात डिझाईन्स. दुसऱ्याला त्यांनी नाव दिलं 'माहेर'. म्हणाले, "विंडोज बिघडेल, पुसून परत टाकू. पण माहेराला हात लावायचा नाही."

माझ्या सासूबाई दारात पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग सासर कोणतं भाऊ?"

"सासर म्हणजे हे विंडोज, आई. अधूनमधून हँग होतं."

सासूबाई दापोऱ्याच्या शेतकऱ्याची लेक, त्यांना असं बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. पण त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मशीन घरात आणण्यावरून आमची सहा महिने बोलचाल बंद होती, हे तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. मग त्या उठून जवळ आल्या. "पण ते माहेर ठेवलं कुठं या डब्ब्यात?" कॅबिनेट उघडंच होतं, काकांनी आत बोट दाखवलं. "ही वडी दिसते ना, हिच्यात. तुमच्या सुनेची सगळी मेहनत हिच्यात आहे." सासूबाईंनी वाकून नीट बघून घेतलं.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन. त्या वर्षी दापोऱ्याच्या एका नवरीचा शेला आणि ब्लाऊज घेऊन बसले होते, लग्न आठवड्यावर आलेलं, आणि कॉम्प्युटर निळा पडला. परत लावला, परत निळा. चौकातल्या दुकानात नेला तर तिथला पोरगा स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, "फॉर्मॅट मार देते हैं दीदी, एकदम नया." मी म्हटलं, तुझं डोकं फॉर्मॅट मार. कॅबिनेट उचललं, रिक्षात मांडीवर घेतलं आणि घरी आणलं. मी तोंडाची फटकळ आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

काका आले. म्हणाले, विंडोज नवीन टाकू, पण आधी माहेर बाहेर काढू. त्यांच्या पेनड्राइव्हवर एक दुसरी सिस्टीम होती, तिच्यावर कॉम्प्युटर सुरू केला. दोन्ही कप्पे दिसले. 'माहेर' नाव दिसलं तशी मी हात जोडले. पण काकांनी क्लिक केलं आणि उत्तर आलं, माऊंट होत नाही. म्हणजे कप्पा आहे, नाव आहे, पण उघडत नाही.

"शेवटी बंद कसा केला होता?" काकांनी विचारलं.

"मी कुठं केला? लाईट गेली, तिनं केला."

"मग बरोबर! विंडोज झोपेतच गेलं. कप्पा मुठीत धरून झोपलंय, दुसऱ्याला देत नाही." काका एकदम खुलले. "आपण फक्त वाचायला मागू. लिहायचं नाही, नुसतं बघायचं. मग देईल."

दिलं नाही. काळ्या पडद्यावर काय काय टाइप केलं, चहा थंड झाला, दराबा तसाच राहिला. मग विंडोजचा सेटअप लावून बघितला, तर त्यानं स्वच्छ विचारलं, हा कप्पा वापरायचा तर फॉर्मॅट करावा लागेल, करू का? काकांचे हात पाठीमागे गेले. माझा मात्र बांध फुटला. रडतही होते आणि ओरडतही होते. लाईटवाल्यांना, विंडोजला, त्या चौकातल्या पोराला. "माझी सगळी कमाई गेली काका! ती केळफुलं मी आता कुठून आणू? त्या नवरीला काय तोंड दाखवू?" आणि शेवटी, "ज्यानं कुणी याला हात लावला असेल ना, त्याचे हात मोडते मी!" असंही बोलून गेले. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. बाहेर आल्या नाहीत.

सकाळी काका परत आले. "चुकलो ताई. झोपेबिपेचं नाही ते. एकदा दिसतं, एकदा नाही, म्हणजे वायरीचं दुखणं. मिलमध्ये जन्म घालवला आणि आधी वायर बघितली नाही, धत्!" कॅबिनेट आडवं केलं, टॉर्च लावला, हार्ड डिस्कची वायर उपसली. आणि थबकले.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ करून बसले.

"काय आहे काका?"

"काही नाही. ढिली झाली होती. लाईट जाते-येते, डब्बा गरम होतो, थंड होतो. चालायचंच. जरा पाणी आणता का?"

मी पाणी आणायला गेले, पण मी काय आंधळी आहे? आले तेव्हा त्यांचा रुमाल खिशात जाताना पाहिला. लाल झाला होता. पिवळाही. आणि मोजपट्टीच्या टोकानं त्यांनी वायरीच्या तोंडातून एक तांदळाचा दाणा काढला, तो हळूच शर्टाच्या खिशात टाकला.

दसरा! दसऱ्याला मी मशीनची पूजा केली, कॅबिनेटला वरून बोट लावलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "वरून लावून काय होतं? देव गाभाऱ्यात असतो." मी हसले होते. मी बाजारात गेल्यावर त्यांनी कॅबिनेट उघडून ती वडी उपसली असणार. ओलं हळदकुंकू, वर अक्षता, आणि होती तशी परत बसवून दिली. हळूहळू ते वायरीच्या तोंडात वाळलं, चिकटलं आणि जोड तुटत गेला. जी बाई मशीन घरात येऊ देत नव्हती, तिनं माझ्या मेहनतीला नमस्कार केला होता. आणि मी काल हात मोडायच्या गोष्टी करत होते.

जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. मला ते जमतं हे मलाच माहीत नव्हतं.

वायर बदलली. माहेर उघडलं. केळफुलं एकेक करून दिसायला लागली तशी मी परत रडले. काकांनी आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मग निवांतपणे विंडोज टाकलं. जाताना सासूबाईंना म्हणाले, "आई, आता दराबा द्या. कालचा राहिलाय." सासूबाईंनी वाटीभर दिला. दापोऱ्याची नवरी वेळेवर शेला घेऊन गेली.

पुढे काका-काकूंना मुलानं पुण्याला नेलं. सणावाराला फोन व्हायचा. गेल्या थंडीत काकूंचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाल्या.

फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ मशीनवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते कुंकू मी लावलतं वं. तुला माहीत नाही. भाऊनं माझं नाव नाही घेतलं."

"माहीत होतं आई."

त्यांनी मान वर केली. "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

"मंग बोलली कशी नाही तू?" त्यांना खरंच कळेना. "तू? तू गप्प बसली?"

मी मान हलवली. सासूबाईंनी मला ओढून जवळ घेतलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं कधी घेतलं नव्हतं. त्या माणसासाठी आम्ही दोघी त्या स्टुलापाशी बसून रडलो.