सिमेंटचे पत्रे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ तर नाहीच. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीने टाळते — जणू त्याला माहीतच नाही! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित जमेल. बघते.

दांडिया बाजारात आमचे घर आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायची, आता निवृत्त. तेव्हा गच्चीवरच्या दोन खोल्यांत भाडेकरू होते — हेमा, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात जाणारा तिचा नवरा आणि त्यांची लहानगी परी. हेमा गुजराती, तिच्या मराठीत गुजराती मिसळायचे; मला काकी म्हणायची. माणसे चांगली होती. मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, त्यांनी काही त्रास दिला असेल. नाही हो. उलट माझे गुडघे धरले की भाजी हेमाच आणून द्यायची.

त्यांच्या दारासमोर, अर्ध्या गच्चीवर, जुन्या पत्र्यांची शेड होती. सगळे त्यांना सिमेंटचे पत्रे म्हणतात. किती गरीब नाव! त्यात ॲस्बेस्टॉस असते, हे वर्गात मीच शिकवायची. पत्रा नुसता डोक्यावर असला तर सहसा काही होत नाही, पण फोडला की त्याचे तंतू उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात आणि छातीत ठाण मांडतात. माझा मुलगा अशाच कामांवर देखरेख करतो. त्याने फोनवर बजावले होते, "आई, माहीतगार माणसं बोलव. पत्रे ओले करून अख्खे उतरवायला सांग. आणि वरच्यांना तेवढे दिवस खाली आपल्याकडे राहू दे."

खालच्या पुढच्या खोल्या रिकाम्या होत्या. पण उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, तोंडावर आले होते. सुनेच्या माहेरची मंडळी पतंग उडवायला येणार, त्यांना मोकळी गच्ची हवी, म्हणून तर शेड काढायची होती. पाहुण्यांसाठी मी पलंगांवर नव्या चादरी घालून ठेवल्या होत्या. त्या चादरींवर हेमाची पोर लोळेल, स्वयंपाकघरात चार दिवस दोन बायका होतील — हे मला नको होते. बस्स, एवढेच कारण. सांगताना लाज वाटते, इतके ते फुटकळ आहे.

मुलाला "हो हो" म्हटले आणि नाक्यावरून दोन मजूर बोलावले. त्यांनी घण घालून पत्रे फोडले. त्यांच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. त्यांची नावेही मी विचारली नाहीत.

परीला कडेवर घेऊन हेमा जिन्यात आली. तिच्या केसांवर राखाडी धूळ बसली होती.

"काकी, धूळ बहु उडते. पोरीला नडणार नाही ने?"

"अगं, सिमेंटचेच तर पत्रे," मी म्हटले. "झाडून घेतलं की झालं."

खोटे होते का हे? नाव तर तेच होते ना? शब्दाला शब्द खरा — आणि याहून मोठे खोटे मी उभ्या जन्मात बोलले नाही.

तिने झाडून घेतले. कोरड्या केरसुणीने, सगळी गच्ची. "तुमचे पाहुणे येणार, तुम्ही नका दमू," म्हणाली. परीने धुळीत बोटाने पतंग काढला आणि हात झटकून टाळ्या वाजवल्या. मी ते दारातून पाहिले. मग खाली आले, खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीशी ओला टॉवेल सरकवला. ज्याला काही ठाऊक नाही, तो ओला टॉवेल लावेल का? संक्रांतीला त्याच हाताने परीच्या तळव्यावर तिळगूळ ठेवला, गोड बोल म्हटले. माझ्याइतके गोड कोण बोलले होते?

पुढे त्यांनी मकरपुऱ्याकडे घर घेतले. दिवाळीला हेमा अजून येते, परीला घेऊन. परी आता कॉलेजात जाते. हेमा सगळ्यांना सांगते, "काकींनी आम्हाला कधी भाडूआत मानलंच नाही." परी वाकून नमस्कार करते आणि मी तिचा श्वास ऐकत राहते. गेल्या खेपेला ती खोकली. सर्दी असेल. सर्दीच असेल. पण मी एक वाक्य बोलले, तर पुढेमागे एखाद्या डॉक्टरला निदान काय शोधायचे ते कळेल. ते एक वाक्यही माझ्याने बोलवत नाही. मी चिवड्याची बशी पुढे करते.

आणि अजून खरी गोष्ट सांगितलेलीच नाही. आतापर्यंत जे सांगितले, ते सांगण्याजोगे होते.

त्या तंतूंनी होणारा छातीचा रोग लगेच दिसत नाही. वीस वर्षे, तीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त. हेही मीच शिकवायची. म्हणून त्या दिवशी जिन्यात, हेमा उत्तराची वाट बघत उभी असताना, मी मनात हिशेब केला — या पोरीला काही झालेच, तर तोवर ती चांगली मोठी बाई झालेली असेल आणि मी मेलेली असेन. मला जाब विचारायला कुणी येणार नाही. हिशेब नीट जुळला. मग मी तोंड उघडले.